शेपटीवरचे स्वस्तिक

दिवाळीत ज्या गल्लीत एकही मातीचा किल्ला उभा राहिला नाही, अशी मराठी गल्ली बेळगावात शोधूनच काढावी लागेल. दगड, विटा, जुनी पोती, वरून चिखलाचा लेप, त्यावर पेरलेले अळीव, आणि बुरुजाबुरुजावर रंगवलेले मावळे. पोरे आठ-आठ दिवस चिखलात माखलेली असतात. तोफा असतात, भालेकरी असतात, दरवाजाशी हत्तीसुद्धा असतो. पण पडलेला मावळा मी आजवर कुठल्याही किल्ल्यावर पाहिलेला नाही. वाऱ्याने एखादा आडवा झालाच तर पोर धावत जाऊन त्याला उभा करते. मला यात दोष काढायचा नाही. सण आहे, लहान मुले आहेत, आणि महाराजांविषयीची भक्ती आहे. तरीही एक प्रश्न उरतो. युद्धाची प्रतिकृती करताना आपण युद्धातले काय घेतो आणि काय अंगणाबाहेर ठेवतो? हा प्रश्न मला किल्ल्याने घातला नाही. तो घातला हाताच्या पंजाएवढ्या एका विमानाने.

मला स्वतःला हा नाद चाळिशीनंतर लागला. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांची प्लॅस्टिकची किट मिळतात. बहात्तरास एक या प्रमाणातली सर्वांत परिचित. या मापात मेसरश्मिट १०९ हे जर्मन विमान लांबीला साडेबारा सेंटिमीटर भरते आणि वैमानिक जेमतेम अडीच सेंटिमीटरचा. खोक्यात प्लॅस्टिकच्या काड्यांच्या चौकटीला सगळे भाग चिकटलेले असतात. ते ब्लेडने कापायचे, कानशीने कडा घासायच्या, आणि पहिल्यांदा करायची ती वैमानिकाची खोली. आसन, पट्टे, मुठीची दांडी, समोरची टाचणीच्या डोक्याएवढी तबकडी. हे सारे जीव ओतून रंगवायचे, आणि मग धडाचे दोन्ही अर्धे चिकटवून ते कायमचे झाकून टाकायचे. पुन्हा कोणाला ते धड दिसणारही नाही. 'मग करता कशाला?' असे आमच्या सौ. विचारतात. कोणार्कला किंवा हळेबीडला, जिथे नजर पोचत नाही तिथेही शिल्पकाराने छिन्नी चालवली आहे, असे उत्तर मी देतो. त्यावर त्या काही बोलत नाहीत. त्यांना ते पटलेले असते असे मात्र नाही.

पुढे पंख, सांध्यांत पुट्टी, पाण्याचा पॉलिश पेपर, प्रायमर. रंगात आधी फिकट आणि मग गडद. जर्मन विमानाच्या पोटाला निळसर करडा, पाठीवर दोन गडद करड्या छटा आणि कुशीवर त्याच छटांचे ठिपके, पावसाळ्यात भिंतीला ओल धरावी तसे. या छटांना जर्मन हवाई मंत्रालयाने क्रमांक दिलेले होते: ७४, ७५, ७६. पंचाहत्तर खरोखर किती जांभळट होता यावर जगभरची शहाणी माणसे आजही हमरीतुमरीवर येतात. आणि शेवटी येतो या कलेतला सर्वांत अवघड भाग, नव्याला जुने करणे. इंजिनाच्या धुराड्यांमागे काजळीचे फराटे, मेकॅनिकच्या बुटांनी उडालेले रंगाचे टवके, आणि तोफांच्या तोंडांशी दारूचा काळा ओघळ. हा ओघळ खडूची काळी पूड बोटाने घासून काढतात. तो छान जमला की आपण विमान लांब धरून बघतो आणि खूश होतो. ओघळ कशाचा आहे ते त्या क्षणी मनात नसते. तोफ चालल्याशिवाय तो पडत नाही, आणि तोफ कोणावर तरीच चालते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतला नववीचा एक विद्यार्थी, पुण्याच्या मामाने पाठवलेले मेसरश्मिटचे किट घेऊन माझ्याकडे आला. पोरगा हाताचा कुशल. शाळेच्या प्रदर्शनात मांडायचे म्हणून शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बसून त्याने महिनाभर काम केले. रंग झाला, चकाकीचा हात झाला, आणि चिन्हे चिकटवायची वेळ आली. ही चिन्हे कागदावर छापलेली असतात. पाण्यात भिजवली की वरचा पातळ पापुद्रा सुटतो आणि तो जागेवर सरकवायचा. यांना डिकल म्हणतात. काळे क्रूस लागले, आकडे लागले, सुकाणूवरच्या उभ्या रेघांची पट्टीही लागली. या रेघा म्हणजे त्या वैमानिकाने पाडलेली विमाने, एका विमानाला एक रेघ. मग पोराने चिमट्यात धरून दोन अर्धवट, वाकडे तुकडे मला दाखवले. 'सर, हे कशाचं आहे कळेना झालंय.'

ते शेपटीवरचे नाझी स्वस्तिक होते, दोन तुकड्यांत. जर्मनीत या चिन्हाच्या जाहीर प्रदर्शनाला कायद्याने बंदी आहे. शिक्षण, संशोधन वगैरेंना सवलत असली तरी खेळण्याच्या दुकानात खटला कोण ओढवून घेईल? म्हणून कित्येक कारखानदार ते चिन्ह गाळतात, खोक्यावरच्या चित्रात शेपटी कोरी ठेवतात, आणि काहीजण ही युक्ती काढतात. तुकडे छापायचे आणि जुळवणे गिऱ्हाइकावर सोडायचे. कारखान्याचे हात कोरडे. मला ही युक्ती व्यापाऱ्याची वाटली, आणि तरीही विचार करू लागलो तेव्हा तिच्यात एक न्याय दिसला. छापून आलेले चिन्ह आपण नकळत चिकटवतो. दोन तुकडे जुळवणाऱ्याला निदान क्षणभर थांबावे लागते.

'लावू की नको, सर?' पोराचा प्रश्न मी दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत ठेवला आणि मधली सुट्टी संपून गेली. इतिहासाचे सर म्हणाले, होते ते दाखवायचे, गाळले तर इतिहास कशाला म्हणायचे? कन्नडच्या बाईंचे म्हणणे, प्रदर्शनाला लहान मुले येतात, त्या माणसाला मानणारे आपल्याकडेही कमी नाहीत, उगाच कौतुक होऊन बसेल. बाईंच्या या म्हणण्यात तथ्य आहे. त्याचे आत्मचरित्र आपल्याकडे रस्त्यावरच्या पुस्तकांच्या ढिगात मी अनेकदा पाहिले आहे. संस्कृतच्या गुरुजींचा निकाल सर्वांत सोपा. स्वस्तिक आपले, मंगल, लावा बिनधास्त.

गुरुजींचे म्हणणे मला मान्य झाले नाही. चिन्ह हे दाराच्या उंबऱ्यासारखे असते. घर कोणाचे ते पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. याला पुरावा त्याच विमानाचा आहे. १९४३ पासून फिनलंडने जर्मनीकडून हीच मेसरश्मिट विमाने घेतली, आणि त्यांच्यावरही स्वस्तिकच होते, पण निळे, पांढऱ्या वर्तुळात. फिनलंडच्या हवाई दलाने ते १९१८ साली, हिटलरच्या पक्षाने आपले चिन्ह ठरवण्याच्याही आधी, घेतले होते. विमान एक, आकृती एक, आणि अर्थाचे मूळ निराळे. युद्ध संपल्यावर फिनलंडने ते विमानांवरून उतरवले.

इतिहासाच्या सरांशी मी अर्धाच सहमत झालो. कोरी शेपटी हे असत्य आहे, यात शंका नाही, आणि तेही सोयीचे असत्य. ते विमान दिसायला देखणे आहे. चिन्ह काढून घेतले की उरते निव्वळ सौंदर्य, आणि एका राजवटीचे हत्यार कपाटातली शोभेची वस्तू होऊन बसते. पण चिन्ह लावले म्हणजे सत्य सांगून झाले, हेही मी मानत नाही. पंचाहत्तर क्रमांकाचा जांभळटपणा बिनचूक साधणे आणि त्या विमानाविषयी खरे बोलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आम्हा छांदिष्टांची पहिलीवर इतकी श्रद्धा असते की दुसरी राहून गेली हे लक्षातच येत नाही.

मी पोराला सांगितले, लाव. पण तुकडे तूच जुळव, आणि सोबतच्या कार्डावर हे विमान कोणी बांधले ते लिही. त्याला वाटले, मेसरश्मिट या अभियंत्याचे नाव लिहिले की झाले. मी त्याला वाचायला दिले. बव्हेरियात फ्लोसेनब्युर्ग नावाचे गाव आहे. तिथे १९३८ साली ग्रॅनाइटच्या खाणीसाठी छळछावणी उभारली गेली. १९४३ पासून तिथल्या कैद्यांना मेसरश्मिटचे भाग बनवायला जुंपले. त्या वर्षी १७ ऑगस्टला अमेरिकन बॉम्बफेकी विमानांनी रेगेन्सबुर्गचा कारखाना फोडला, त्यानंतर हे काम आणखी वाढले. उपाशी, आजारी माणसांनी पत्रे ठोकले, आणि त्यांतली हजारो माणसे त्या छावणीत मेली. हिटलरला विरोध करणारे धर्मवेत्ते डीट्रिख बोनहोफर यांना याच छावणीत फाशी दिली, ९ एप्रिल १९४५ रोजी. आपल्या जिल्ह्याच्या वाचकांना ही तारीख दुसऱ्या कारणाने ठाऊक असेल. त्याच दिवशी इटलीत सेनिओ नदीच्या काठी मराठा पलटणीचे नामदेव जाधव यांनी तो पराक्रम केला ज्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या पलटणीचे केंद्र आपल्या गावात १९२२ पासून आहे.

कार्ड दोन्ही भाषांत हवे, हा आमच्या शाळेचा रिवाज. मराठीत पोराने 'वेठबिगार' लिहिले आणि कन्नडसाठी बाईंकडे गेला. बाईंनी शब्द दिला, 'जीत'. पोरगा चक्रावला. कन्नडमध्ये जीत म्हणजे वेठीची, बांधून घेतलेल्या माणसाची चाकरी. आपल्याकडे जीत म्हणजे विजय. दोन भाषांच्या घरात वाढणाऱ्यांना असे ठेचकाळणे नवे नाही, पण सुकाणूवरच्या त्या विजयाच्या रेघांखाली तो शब्द वाचताना मीही थबकलो. बाईंनीच मग सोडवणूक केली आणि 'बलवंतद दुडिमे' लिहून दिले, म्हणजे जबरीची मजुरी. मला अजूनही पहिलाच शब्द ठेवावासा वाटतो, पण कन्नडवर अधिकार त्यांचा.

प्रदर्शनाला पोराची आजी आली होती. तिने कार्ड वाचले नाही, थेट शेपटी पाहिली. 'बरं केलास बाळा, स्वस्तिक काढलास ते. नव्या गाडीला असावंच.' पोराचे पणजोबा, म्हणजे या आजींचे सासरे, मराठा पलटणीतून इटलीत लढून आलेले. पोराने सांगितले, 'आजी, हे पणजोबांवर गोळ्या घालणाऱ्यांचं आहे.' आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'मग सर, त्यांनी आमचं कशाला उचललं ओ?' मी सांगितले ते असे: एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या काही पंडितांनी आर्य नावाचा वंश कल्पिला, ट्रॉयच्या उत्खननात ही आकृती मिळाली तेव्हा ती त्या वंशाचीच म्हणून ठरवली गेली, आणि १९२० साली हिटलरच्या पक्षाने ती आपल्या झेंड्यावर चढवली. आजींनी शांतपणे ऐकून घेतले. 'विचारायला तरी हवं होतं,' एवढेच म्हणाल्या.

त्या वर्षी खंडेनवमीला मी त्यांच्या घरी पान खायला गेलो होतो. पाटावर शिलाई मशीनची कात्री, कोयता, विळी, पोराच्या वडिलांचे पाने-पक्कड असे सारे मांडून हळदकुंकू वाहिलेले होते. पोराने विमानही आणून ठेवले होते. आजींनी ते उचलून त्याच्या हातात दिले आणि म्हणाल्या, 'हे नको. तुझा ब्रश ठेव, चिमटा ठेव.' माझे मत विचाराल तर पाटावरच्या कोयत्याचाही हिशोब कधीतरी मागायला हवा, पण सणाच्या दिवशी पाहुण्याने तो मागू नये.

पोरगा आता दहावी संपवून कॉलेजात गेला आहे आणि त्याने स्पिटफायर घ्यायचे ठरवले आहे, ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ व्या पथकाचे. या पथकाचे नाव 'बरोडा'. देणग्यांमुळे आपल्याकडची नावे मिळालेली अशी बरीच पथके होती. १५२ वे हैदराबादचे, त्याच्या बोधचिन्हात निजामाची पगडी. १२९ वे म्हैसूरचे, त्यावर गंडभेरुंड. १९४० साली विलायतेत एका स्पिटफायरची वर्गणीपुरती किंमत पाच हजार पौंड धरली जाई. या बाजूने लढणारे योग्य होते, यात पोराला संशय नाही आणि मलाही नाही. शेपटीवर लाल-पांढरा-निळा पट्टा आहे, त्याचे तुकडे कोणी केलेले नाहीत. परवा तो विचारत होता, 'सर, बडोद्याचे हे पैसे राजाने दिले की शेतसाऱ्यातून गेले?' कार्डावर या वेळी किती ओळी लागतील याचा अंदाज घेऊन त्याने ते मोठ्या आकाराचे कापून ठेवले आहे.