औषध निघाले, पण पोहोचले काय?

क्षयरोगावर नवे औषध निघाले, असे वाचून आपण संतोष मानतो. परंतु ते निघणे व रोग्याच्या मुखी पडणे यांमध्ये जी वर्षे जातात, त्यांत मरणाऱ्यांचा जाब कोणी द्यावा? हा प्रश्न वैद्यकाचा तितकाच नीतीचाही आहे, असे आम्हांस वाटते.

बेडाक्विलिन नामक गोळी घ्या. जुन्या औषधांस दाद न देणाऱ्या क्षयासाठी ती अमेरिकेत 2012 साली मंजूर झाली. आपल्या सरकारने ती 2016 साली आणली, तीही प्रथम सहाच ठिकाणी. पाटण्याच्या एका अठरा वर्षांच्या मुलीस दिल्लीत ती नाकारण्यात आली; ती दिल्लीची रहिवासी नव्हे, हे एक कारण! बापाने उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा 2017 च्या जानेवारीत औषध देण्याचे ठरले. 2018 साली ती मुलगी वारली.

तथापि हात आखडता घेणाऱ्यांस सरसकट निर्दय म्हणणे अन्यायाचे होईल. स्ट्रेप्टोमायसिन 1943 साली सापडले. विलायतेतील प्रयोगाचा वृत्तांत 1948 साली प्रसिद्ध झाला, त्यात रोगी प्रथम सुधारलेले दिसले. पण पुष्कळांच्या ठायी जंतू त्या एकट्या औषधास जुमानीनासे झाले. औषध उधळले म्हणजे ते निकामी होते, आणि पुढच्या रोग्यास काहीच उरत नाही. ही भीती खरी आहे. मात्र तीवर उपाय कुलूप नव्हे. मद्रास येथील प्रयोगाने 1959 साली दाखविले की, घरी राहून औषध घेणारे रोगी आरोग्यधामातील रोग्यांच्या जवळजवळ बरोबरीने बरे होतात, आणि घरच्या माणसांस त्यामुळे अधिक बाधा होत नाही. पण तेथे माणसे घरोघर जाऊन उरलेल्या गोळ्या मोजीत असत, हे विसरू नये.

आता बेडका तपासून दोन तासांत रोग, आणि रिफाम्पिसिन त्यावर चालेल की नाही, हे सांगणारे यंत्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 सालीच त्यास मान्यता दिली. परंतु त्यास वीज लागते, आणि बेडक्याची बाटली तेथवर नेणारा मनुष्य लागतो. यंत्राचे उद्घाटन करता येते. बाटली नेणाऱ्याच्या गाडीभाड्याचे कोण करणार?

2024 साली आपल्या सरकारने या हट्टी क्षयासाठी चार औषधांची सहा महिन्यांची पद्धत मंजूर केली. पूर्वीच्या लांब उपचारास वीस महिनेपर्यंत लागत. पण ज्याचा बेडका कधी तपासलाच गेला नाही, त्याला ती कोण देणार?