त्रेसष्ट की साठ-तीन?

गणिताची भाषा सर्व मनुष्यजातीस एकच आहे, असे आपण सहज म्हणून जातो. आणि पाटीवर ६३ लिहिले असता ते खरेही असते. परंतु अकोला-वाशीम रस्त्यावरील मेडशीच्या शाळेत सात वर्षांचे पोर तोच आकडा वाचू लागते, तेव्हा त्याचा डोळा प्रथम सहावर पडतो आणि तोंडाला मात्र आधी तीन म्हणावे लागतात. ते तांड्यावरचे, घरी गोर बोली बोलणारे असेल, तर ‘त्रेसष्ट’ हे जोडाक्षर त्याला अधिकच परके.

२०१९ साली ‘बालभारती’ने दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ हे वाचन रूढ नावाच्या जोडीला दिले. समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी कानडी-तेलुगूचा दाखला दिला. तेथे दशक आधीच उच्चारतात. तरी वाद विधिमंडळापर्यंत गेला. जर्मन भाषेतही ‘तीन आणि साठ’ असेच म्हणतात आणि गाउसला गणित अडले नाही, हे खरे. पण शाळेचे नियम गाउससाठी करावयाचे नसतात.

मला खटकले ते निराळेच. संख्या ही खरी वस्तू आणि शब्द हे तिचे पांघरूण, असे दोन्ही पक्षांनी गृहीत धरले. वस्तुतः ‘एकोणसत्तर’ म्हणणारा वजाबाकी करीत असतो, ‘पावणेदोन’ म्हणणाराही. ‘औट’ म्हणजे साडेतीन. मूळ ‘अर्धचतुर्थ’, म्हणजे चौथा अर्धाच. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण होता, तोवर पावकी-निमकीबरोबर औटकीही मुले घोकीत. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पुढे शेरही गेला, आणि औटकी मुकी झाली. ‘औटघटकेचे राज्य’ आपण अजून म्हणतो. ते ८४ मिनिटांचे, हे किती जणांस ठाऊक असेल? गणित कोठेच गेले नाही. मोजण्याची एक रीत मात्र आपल्या तोंडातून गेली.

म्हणून पोराने ‘साठ-तीन’च्या दाराने आत यावे, यास माझी हरकत नाही. दारातच त्याला ठेवून देणे मात्र अन्यायाचे होईल. उद्या तो बापाबरोबर सोयाबीन घेऊन बाजार समितीत उभा राहील. लिलावात भाव ‘सेहेचाळीसशे’ असाच पुकारला जातो. ‘चाळीस-सहाशे’ म्हटले, तर तो एक भाव की दोन, हे अडत्यालाही कळावयाचे नाही. आणि अशा वेळी तोटा कोणाच्या पदरी पडतो, हे वऱ्हाडात कोणास सांगावे लागत नाही.