सक्तीचा एकांत

कोविडच्या साथीत, २०२१ साली, हाँगकाँगला अध्यापनासाठी परदेशाहून गेलेल्या अनेक शिक्षकांना प्रथम २१ दिवस हॉटेलच्या एका खोलीत विलग राहावे लागले. भोजन दाराबाहेर ठेवले जाई. उंबरठा ओलांडण्यास मनाई असे. हा एकांत तप म्हणावा काय? कर्मेंद्रिये आवरून मनाने विषयांचे चिंतन करणाऱ्यास गीतेचा तिसरा अध्याय मिथ्याचारी म्हणतो. शासनाच्या आज्ञेने दार बंद होते. मन आवरले जात नाही. परंतु आपल्यामुळे त्या अनोळखी नगरीतील कोणी रोगग्रस्त होऊ नये, या भावनेने जो ते बंधन मनःपूर्वक स्वीकारतो, आणि नित्य उपासना व पाठांची सिद्धता नियमाने करतो, त्याच्या ठायी तेच बंधन लोकसंग्रह होते. आजारपणात वा वार्धक्यात गृहस्थाच्या वाट्यास येणाऱ्या एकांतासही हाच न्याय लागू आहे.