घाईची राणी

फेब्रुवारीत साक्री तालुक्यातल्या आमच्या शेतात कांद्याच्या बियाण्याचा प्लॉट फुलला होता. डोंगळ्यांवर पांढरे गोंडे आले, की माशा हव्यातच. त्या फिरल्या नाहीत तर बी नीट भरत नाही. म्हणून आबांनी मेलिफेरा माशांच्या पेट्या भाड्याने आणल्या. मी पुण्याहून चार दिवस सुट्टीवर आलो होतो. मधपाळ पेट्या तपासायला आला, तेव्हा त्याच्यामागे उभा राहिलो.

एका पेटीतली फ्रेम त्याने उन्हाकडे धरली. इतर पेट्यांत अंडी-अळ्या सलग, हातभर पसरलेल्या होत्या. इथे मधली घरं रिकामी, जणू दात पडलेलं तोंड. तो म्हणाला, "आबा, हिची राणी घाईची आहे."

"म्हणजे वाईट निघाली?" आबांनी विचारलं.

"वाईट नाही. उशिरा निवडली गेली."

ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

राणी जन्मतः राणी नसते. कामकरी माशी आणि राणी एकाच प्रकारच्या फलित अंड्यातून येतात. तिसऱ्या दिवशी अंडं फुटतं. पहिले काही दिवस सगळ्याच अळ्यांना दाई माशांच्या डोक्यातल्या ग्रंथींतून पाझरणारं पांढरं अन्न मिळतं. मग कामकरी होणाऱ्या अळीचं खाणं बदलतं, त्यात मध आणि पराग येतात. राणी होणाऱ्या अळीला मात्र शेवटपर्यंत ते राजान्न भरपूर मिळत राहतं. ती 16 दिवसांत बाहेर येते, कामकरी 21 दिवसांत. 2008 साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत कोवळ्या अळ्यांमधलं एकच जनुक दाबून ठेवलं, तर त्यातल्या बहुतेक राणीसारखी अंडाशयं घेऊन बाहेर पडल्या. म्हणजे राणी होण्याची शक्यता प्रत्येकीत होतीच. वाढवण्याच्या पद्धतीने ती उघडली किंवा बंद केली.

पोळ्यातली राणी अचानक मेली, की माशा हाताशी असलेल्या कामकरी अळ्यांमधूनच नवी राणी वाढवायला घेतात. अळी एका दिवसाची असेल तर ठीक. तीन दिवसांची असेल तर तिचं खाणं आधीच बदललेलं असतं. तिच्यापासून राणी होते, पण वजनाने हलकी, अंडाशयं लहान, शुक्राणू साठवायची पिशवीही लहान. पोलंडच्या येर्झी वॉयके यांनी 1971 मध्ये हे मोजून दाखवलं. मधपाळाच्या भाषेत हीच घाईची राणी.

एवढ्यावर भागत नाही. दाई माशा भरपूर आणि तरुण हव्यात, त्यांना खायला पराग हवा. मग राणीला उडून जाऊन हवेतच दहा-पंधरा नरांशी समागम करायचा असतो. नर कमी असले किंवा हवा बिघडली, तर तेही अर्धवट राहतं. पुढे तिला प्रवासात काही तास 40 अंशांची उष्णता लागली, तर साठवलेले शुक्राणू मरू लागतात. जळगावचा मे महिना आठवा म्हणजे कळेल. वाणाचाही वाटा असतोच, म्हणून तर चांगल्या पेटीतल्या अळ्या निवडतात. पण राणीची 'क्वालिटी' म्हणून आपण जे मोजतो, तो बराचसा इतरांच्या मेहनतीचा आणि तिच्या वाट्याला आलेल्या वेळेचा हिशोब असतो.

खान्देशात हे कुणाला नवीन वाटू नये. रावेर-यावलकडे केळीच्या जी-नाईनची टिश्यूकल्चर रोपं लावतात, सगळी एका साच्यातली. तरी एका शेतात भरदार घड आणि शेजारी किडमिडे. चांगला घड आला तर तिथला शेतकरी रोपाची हुशारी सांगत नाही. पाणी, खत, लागवडीची वेळ सांगतो.

माणसाच्या बाबतीत मात्र आपण रोपाची हुशारी सांगतो.

ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. गणित तिनेच मला शिकवलं. दहावीनंतर तिला सायन्स हवं होतं, पण त्यासाठी तालुक्याला रोज एसटीने जावं लागलं असतं. ती गावाजवळच्या कॉलेजात आर्ट्सला गेली. बारावी झाल्यावर कापूस वेचायला, आणि मग सासरी. माझी दहावी झाली तेव्हा घरात एकाच्या क्लासची, होस्टेलची सोय होऊ शकत होती. ती माझी झाली. आज नातेवाईक म्हणतात, "पोरगा हुशार निघाला." मी वर्षानुवर्षं ते ऐकून मान डोलावली.

मग माझं काहीच नाही का? रात्री जागून अभ्यास मीच केला. खरं आहे. राणीलाही समागमाला स्वतःच उडावं लागतं, वाटेत पक्षी असतात. मेहनत खोटी नसते. पण उडायचे पंख कुणाच्या ताटातलं खाऊन आले, हा प्रश्न त्या मेहनतीने मिटत नाही.

कुणी म्हणेल, पोळ्यात हा अन्याय नसतो. कामकरी माशी म्हणजे नापास झालेली राणी नव्हे. सगळं पोळं तिच्यावर चालतं. बरोबर. आमच्या घरातही हेच म्हटलं गेलं: घराच्या भल्यासाठी. फरक इतकाच, की पोळ्याला एकच राणी पुरते आणि अळीला काही व्हायचं नसतं. ताईला व्हायचं होतं. आणि माशा राणीसाठी अळी निवडतात, तेव्हा तिथे मुलगा की मुलगी असा प्रश्नच नसतो.

इथे कुणीतरी बहिणाबाईंचं उदाहरण देतंच. असोद्याची, कधी शाळेत न गेलेली शेतकरीण, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव. म्हणजे गुण असला की वर येतोच? मला उलट दिसतं. त्या ओव्या घरातल्या लिहिता येणाऱ्यांनी उतरवून घेतल्या म्हणून 1952 साली, त्या गेल्यानंतर, पुस्तक होऊ शकलं. ज्या जात्यांशेजारी लिहिणारं कुणी नव्हतं, तिथलं आपल्याला काहीच माहीत नाही.

तरीही माशी आणि माणूस यांत एक फरक आहे आणि तोच मला धीर देतो. अळीची वेळ काही दिवसांत संपते. आपली इतक्या लवकर संपत नाही. फक्त संपली असं घरचे ठरवून टाकतात.

मधपाळाने आठवड्याने त्या पेटीत नवी राणी सोडली. त्या रात्री मी ताईला फोन केला. मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशाचं बोललो. फी मी भरतो म्हटलं. ती हसली, "आता? या वयात?" मी म्हटलं, उशिरा निवडली, एवढंच. तिला कळलं नाही, तेव्हा सगळं सांगितलं: डोंगळे, पेटी, रिकामी घरं. ती बराच वेळ गप्प होती.

मग म्हणाली, "गणित घेता येईल का रे?"