घर झाल्यावर या

मागच्या महिन्यात एका गावी काल्याचे कीर्तन आटोपून बसलो असता एक तरुण गृहस्थ जवळ आले. त्यांनी नवे घर बांधावयास घेतले आहे. भाडे वाचावे आणि कामावर नजर राहावी म्हणून बायकामुलांसह त्याच जागेवर पत्र्याची शेड ठोकून राहतात. (अमेरिकेत म्हणे काही लोक मोटारीमागे जोडायचे चाकांचे घरच जागेवर आणून उभे करतात आणि त्यात राहून बांधकाम उरकतात. प्रपंच सगळीकडे सारखाच!) ते म्हणाले, "महाराज, घर अर्धे आहे, पैसा अडकला आहे, बसायला जागा नाही. आलागेला, सणवार, दानधर्म हे सगळे घर झाल्यावर करीन म्हणतो. दोष लागेल का?"

मी लगेच उत्तर दिले नाही. कारण हेच वाक्य मी एकदा बोललो आहे, आणि ते अजून बोचते.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती पोचविलेले, माणसे दमून निजलेली, आणि चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. आमच्याकडची घरे म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, वर लाकडे आणि त्यांवर मातीचे माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारा तोच भार त्या पहाटे झोपल्या माणसांवर आला. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसविली. आमचे गाव त्यांत नव्हते. आमचे घर उभे राहिले, पण भिंती फुगल्या, आत निजण्याचा धीर कोणाला होईना. माळवद उतरविले, भिंती पाडल्या आणि अंगणात पत्र्याची शेड घातली. चार महिन्यांचा मुक्काम म्हणून आत गेलो, तो चार वर्षे राहिलो.

पत्र्याखाली राहिलेल्याला सांगावयास नको. चैत्र-वैशाखात दुपारी आत बसवत नाही. पाऊस आला की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. थंडीत पहाटे पत्र्याला आतून घाम सुटतो आणि थेंब थेंब पोथीवर पडतो. धान्याच्या कोठ्या, ट्रंका, म्हातारी माय, दोन लेकरे सगळे एका खोलीत. वीणा खुंटीला, चूल बाहेर तीन दगडांची. सिमेंट आले की गवंडी नाही, कारण साऱ्या मुलखातच बांधकामे चालू. तरी जोते झाले, जोत्यावर सळयांचा सिमेंटी पट्टा झाला, भिंती चढल्या, दारांच्या डोक्यावर दुसरा पट्टा आला. १९९६ च्या कार्तिकीपर्यंत छत पडले. गिलावा, फरशी आणि कवाडे राहिली होती.

त्या दिवसांत पंढरीच्या वाटेवरचे तिघे वारकरी दिवे लागणीला शेडच्या दारात आले. त्यांतला म्हातारा म्हणाला, "बुवा, रातच्याला हितं टेकावं म्हणतो." मी म्हणालो, "माउली, घर झाल्यावर या. अजून वास्तू व्हायची आहे." आणि मारुतीच्या देवळाकडे बोट दाखविले. देवळाचा सभामंडप भूकंपात गेलेला. हे मला ठाऊक होते. ते काही न बोलता गेले आणि लिंबाखाली निजले. माय आतून ऐकत होती. म्हणाली, "का रं, घर झालं न्हाई म्हणून चूल बी झाली न्हाई का?" भाकरी बांधून पहाटे मी लिंबाखाली गेलो. तिथे कोणी नव्हते.

आता माझी लबाडी पाहा. कवाड नाही, छप्पर नाही, वास्तूला बलि दिलेला नाही, अशा घरात शहाण्याने प्रवेश करू नये, असे शास्त्र आहे. मला ते पाठ होते. पण ते नव्या घरात राहावयास जाण्याविषयी आहे. दारात उभ्या असलेल्या भुकेल्या माणसाला त्याचा काय संबंध? खरे कारण लाज होती. कीर्तनकाराची चूल तीन दगडांची, भांडी खोक्यात, हे कोणी पाहू नये! शास्त्राचा मी आडपडदा केला.

तैत्तिरीय उपनिषदात अतिथीचे व्रत सांगितले आहे, तिथे शब्द 'वसति' असा आहे. वस् म्हणजे राहणे. राहावयास आलेल्याला परत लावू नये, एवढीच आज्ञा. गिलावा झालेला असावा, असे ऋषींनी घातलेले नाही! कोणी म्हणेल, भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने सर्पाला गुरू केले, घर बांधणे हेच दुःखाचे मूळ म्हटले. मग बांधूच नये. तो संन्याशाचा धडा आहे, आणि थोर आहे. पण सर्पाच्या बिळावर कोणी अतिथी येऊन उभा राहत नाही. आपण गृहस्थ. आपल्याला घर बांधणे भाग, आणि बांधता बांधता जगणेही भाग.

थांबावयाच्या गोष्टी थांबवाव्यात. वास्तूचे गावजेवण थांबेल, कर्ज काढून ते मुळीच करू नये. पण ज्याला आज भूक आहे त्याला तुमच्या गिलाव्याची तारीख सांगून काय उपयोग?

मायने दुसऱ्या दिवशी गवंड्याला आतल्या कामावरून उठविले आणि शेडबाहेर आधी ओटा बांधून घेतला. घर त्यामुळे महिनाभर लांबले. मी कुरकुर केली, हेही सांगतो. आज त्या ओट्यावर शेडचेच पत्रे आहेत. कार्तिकीला जाणारे तिथे उतरतात, आणि पाऊस आला तर भजन थांबवावे लागते, कारण टाळसुद्धा ऐकू येत नाहीत.

हे सगळे त्या तरुणाला सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण महाराज, आमच्याकडे दोनच पाट आहेत."

मी म्हटले, "मग उद्या सकाळी मी एकटाच येतो."