उसन्या गाण्यांचे ऋण

ज्याची वस्तू त्याला विचारून आणि तिचे मोल देऊन घेतली, की आपण तिच्या ऋणातून मोकळे झालो, अशी व्यवहाराची समजूत आहे. घर, शेत, दागिना यांच्या बाबतीत ती बहुधा पुरी पडते. परंतु गाण्याच्या हक्कदाराचे समाधान झाले म्हणजे गाण्याचेही देणे फिटले काय? हा प्रश्न आमच्यापुढे एका नाचाच्या तबकडीच्या निमित्ताने उभा राहिला. निमित्त हलके असले तरी प्रश्न हलका नाही, असे आम्हांस वाटते.

१९८१ साली 'स्टार्स ऑन ४५' ही तबकडी युरोप-अमेरिकेत विलक्षण गाजली. नावातील आकडा मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या तबकडीचा आहे. तिचे मूळ एका चोरीत होते. हॉलंडमधील संगीत-प्रकाशक विलेम व्हान कोटेन यांच्या कानी १९७९ साली एका दुकानात एक चोरटी ध्वनिमुद्रिका पडली. तीत निरनिराळ्या गाण्यांचे तुकडे नाचाच्या ठेक्यावर जोडलेले होते, आणि ज्याचे हक्क त्यांच्याकडे होते त्या 'व्हीनस' या गाण्याचाही एक तुकडा त्यांत होता. तेव्हा अशीच गीतमाला आपण रीतसर, नव्याने गाऊन घेऊन का काढू नये, असे त्यांच्या मनात आले. हे काम त्यांनी 'गोल्डन इअरिंग' या रॉक वाद्यवृंदाचे पूर्वीचे ढोलवादक याप एगरमाँट यांच्यावर सोपविले. 'व्हीनस' आणि 'शुगर शुगर' यांच्यापाठोपाठ बीटल्सची आठ गाणी अवघ्या चार मिनिटांत बसविण्यात आली. जून १९८१ मध्ये ही तबकडी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. तेथे तिच्या नावात प्रत्येक गाण्याचा उल्लेख असल्यामुळे ते नाव चाळीसांहून अधिक शब्दांचे झाले!

म्हणजे कायद्याच्या बाजूने सर्व यथास्थित झाले. चोरीच्या जागी परवानगी आली. मग उणे काय राहिले?

प्रथम आनंदाची बाजू मान्य केली पाहिजे. ओळखीचा सूर कानी पडताच माणसाचा चेहरा खुलतो, अनोळखी माणसेही एका ठेक्यावर पावले टाकतात. हे सुख खोटे नव्हे. शिवाय तुकडा ऐकून एखादा तरुण मूळ गाण्याच्या शोधास लागला, तर तो लाभही लहान नाही. गाणी जोडणे हेच पाप, असेही आम्ही म्हणत नाही. आमच्याकडील रागमालेत एका रागातून दुसऱ्यात जाण्याच्या खुबीतच सारी कला आहे.

परंतु रागमालेत राग बदलतो तेव्हा त्याचा स्वभावही बदलतो. येथे स्वभाव बदलू द्यायचा नाही, हाच नियम आहे. 'नोव्हेअर मॅन' मूळ गाण्यात वाद्यांवाचून, केवळ मिळालेल्या कंठांनी सुरू होते. त्या मोकळ्या जागेतच गाण्यातील एकाकीपणा आहे. 'वी कॅन वर्क इट आउट' मध्ये समजुतीची गोष्ट चालू असताना मध्येच तीन मात्रांचे हेलकावे येतात आणि मनाची घालमेल कानाला कळते. गीतमालेत मात्र टाळीचा ठेका प्रथमपासून अखेरपर्यंत अखंड चालतो. एकाकीपणा आणि घालमेल दोन्ही त्याच टाळीखाली येतात. श्रोता गाणे ओळखतो, ते पुन्हा भोगत नाही. ओळखणे आणि ऐकणे यांत रस्त्यावर नमस्कार करणे आणि घरी बसून सुखदुःख विचारणे यांतले अंतर आहे.

दुसरे ऋण याहून जड आहे. नाव 'तारे', पण तबकडीवर तारे नव्हतेच. त्यांच्या धाटणीने गाणारे दुसरेच गायक होते, आणि वेष्टणावर त्यांची नावे नव्हती. मूळ गायकांपैकी जॉन लेनन यांची ८ डिसेंबर १९८० रोजी न्यूयॉर्क येथे हत्या झाली होती. शोकाला वर्षही लोटले नव्हते, तोच त्यांच्यासारखा आवाज नाचघरांतून घुमू लागला. त्यात कोणाचा दुष्ट हेतू होता, असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्याचा आवाज आठवला तो नाही, आणि जो गातो आहे त्याचे नाव नाही, अशी ती विलक्षण अवस्था होती. गीतमालेतील 'शुगर शुगर' हे गाणेही १९६९ साली व्यंगचित्रातील काल्पनिक वाद्यवृंदाच्या नावावर निघाले होते. तेथेही खरे गळे पडद्याआडच होते.

आमचा कीर्तनकारही निरनिराळ्या संतांची वचने एका सूत्रात ओवतो. परंतु अभंगाच्या शेवटी कवीची नाममुद्रा असते. गाणारा कोणीही असो, कर्त्याचे नाव त्याच्या मुखातून निघतेच. ऋण फेडण्याची इतकी सोपी आणि इतकी सुंदर रीत आम्हांस दुसरी ठाऊक नाही.

आज यंत्राकरवी कोणाचाही आवाज हुबेहूब उठविता येतो. त्यामुळे परवानगीचा कागद यापुढे अधिकच लागेल, आणि तो लागावाच. पण कागदाने मालकाचे देणे फिटते, गाण्याचे आणि गाणाऱ्याचे नव्हे. ते फेडणे श्रोत्याच्या हाती आहे. लग्नघरी अशी माला वाजली तर खुशाल नाचावे. मात्र एखाद्या निवांत संध्याकाळी मुलांना जवळ बसवून त्यांतले एक तरी गाणे पुरते ऐकवावे, आणि ते कोणी गायिले हे सांगावे.

आम्हीही आपला वाटा देऊन ठेवतो. त्या तबकडीवर लेनन यांच्या धाटणीने गाणाऱ्याचे नाव बास मॉइस. त्यांचे सोबती ओकी हॉइस्डेन्स आणि हान्स व्हरमूलेन.