वाय लावलेली मिरची

मिरचीचा हंगाम भरात आला की विदर्भातल्या कुही-मांढळ पट्ट्यात पोत्यांवर, बिलांवर आणि मसाला गिरण्यांच्या पाट्यांवर 'चिली' हा इंग्रजी शब्द वेगवेगळ्या सोंगांत फिरू लागतो. कुठे त्याच्या शेवटी आय असतो, कुठे वाय. कुठे एक एल, कुठे दोन. इंग्रजी शिकलेला माणूस वाय लावलेली पाटी पाहिली की हमखास हसतो, कारण वाय लावला की अर्थ होतो गारठलेले, थंडगार. तिखटाच्या पाकिटावर 'गार भुकटी' छापलेली पाहून कोणाला हसू येणार नाही? शाळेत याच वायसाठी गुण कापले जातात आणि वहीवर लाल रेघ उमटते.

हसण्याआधी एक जुना कोश उघडावा असे मला वाटते. कर्नल हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' १८८६ साली निघाला. हिंदुस्थानात राहिलेल्या इंग्रजांच्या तोंडी बसलेल्या शब्दांचा तो कोश. त्यात मिरचीसाठीची मुख्य नोंदच वाय लावून आहे. म्हणजे ज्या रूपाला आपण अडाण्याचे स्पेलिंग म्हणतो, ते एके काळी खुद्द साहेबाच्या कोशातले रूप होते. कुहीतल्या पाटी रंगवणाऱ्याने तो कोश पाहिला असेल असे मी म्हणत नाही. पण त्याच्या कुंचल्यातून उतरलेले रूप काही त्याच्या अज्ञानातून जन्मलेले नाही. ते या देशातल्या इंग्रजीत आधीपासून होते आणि नंतर प्रमाण इंग्रजीने त्याकडे पाठ फिरवली, एवढेच.

गंमत अशी की त्याच नोंदीत यूलसाहेबांची एक चूक बसलेली आहे. डच वैद्य बोंटियसच्या आधाराने त्यांनी ठामपणे लिहिले की हे नाव दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशावरून आले. ते तसे नाही. शब्द आला मेक्सिकोतून, अझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेतून, आणि चिली देशाच्या नावाशी त्याचे काही नाते नाही. स्पेलिंग बदलले तर गुण जातात. मूळच चुकले तर कोशाची प्रतिष्ठा शाबूत राहते.

नाहुआत्लमध्ये शब्दाचे मूळ 'चिल' आणि त्याला लागणारा नामप्रत्यय 'त्लि'. ल-नंतर हा प्रत्यय आला की त्यातला त गळून ल उरतो आणि 'चिल्लि' तयार होतो. संस्कृतात तत् अधिक लीन मिळून तल्लीन होते, ते ज्याने शाळेत घोकले आहे त्याला हा संधी समजावून सांगायला नको. स्पॅनिश लोकांनी शब्द घेतला, पण त्यांच्या लिपीत दोन एल जोडून लिहिले की उच्चार ल्य-कडे झुकतो. म्हणून त्यांनी एक एल ठेवला आणि शेवटी ई लावला. इंग्रजीत हा शब्द १६६० च्या दशकात दिसू लागतो. ब्रिटिशांनी पुढे दोन एल प्रमाण मानले, अमेरिकनांनी एक. अमेरिकेत एक एलचा शब्द मांसाच्या झणझणीत रश्शालाही लागतो आणि टेक्सासने १९७७ साली त्या रश्शाला राज्याच्या पक्वान्नाचा मान दिला. शेजारच्या न्यू मेक्सिकोत मात्र स्पॅनिश ई-वाचून चालत नाही. तिथले सिनेटर पीट डोमेनिची यांनी १९८३ मध्ये हा आग्रह थेट अमेरिकी काँग्रेसच्या कामकाजात नोंदवून ठेवला. जिथे मिरची पिकते तिथला माणूस स्पेलिंगसाठी संसदेत उभा राहतो, आणि आपण मात्र आपल्या पाटीवर परक्याच्या नजरेने हसतो.

पण स्पेलिंग ही या शब्दाची वरची साल झाली. आतला प्रकार जास्त तिखट आहे.

कोलंबस निघाला होता मिऱ्यांच्या शोधात. कॅरिबियन बेटांवर त्याला 'अही' नावाचे एक फळ मिळाले. १५ जानेवारी १४९३ च्या नोंदीत त्याने त्याला तिथल्या लोकांचे मिरे म्हटले, आपल्या मिऱ्यांपेक्षा सरस ठरवले. मिऱ्यांशी या झुडपाचा काडीचाही संबंध नाही. मिरची ही वांगी-टोमॅटोच्या कुळातली, मिरे वेलीवर येणारे. तरी स्पॅनिशमध्ये मिऱ्याच्या नावावरूनच तिचे नाव पडले आणि इंग्रजीतही 'पेपर' तिला चिकटला तो आजतागायत. आता हा पेपर कुठला? लॅटिन 'पिपेर', त्याआधी ग्रीक 'पेपेरी', आणि त्याच्या मुळाशी आपली पिप्पली, म्हणजे पिंपळी. आपण काय केले? पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात हे फळ पश्चिम किनाऱ्याला लागले आणि आपणही त्याला मिऱ्याचेच नाव दिले. संस्कृत मरिच, त्यापासून मिरे, आणि मिरची. कोकणीत मिरसांग. तमिळमध्ये मिळगाय, कन्नडमध्ये मेणसिनकायी, दोन्हींचा अर्थ मिऱ्याचे फळ. आयुर्वेदातले त्रिकटू म्हणजे सुंठ, मिरे, पिंपळी. या तिघांपैकी दोघांची नावे एका अमेरिकन फळाने पळवली, एक इथे आणि एक युरोपात.

हे कुहीत बसून लिहिताना विशेष जाणवते, कारण तालुका जुना आहे. अडमच्या उत्खननात इसवी सनापूर्वीचे नगर निघाले, मांढळला वाकाटकांचे ताम्रपट आणि शिल्पे सापडली. वैनगंगेकाठच्या अंभोऱ्याला मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे ११८८ साली, 'विवेकसिंधु' रचला असे इकडे मानतात. या सगळ्या काळात इथल्या एकाही चुलीवर मिरची नव्हती. वाकाटकांच्या राजधानीतला सर्वात तिखट रस्साही मिऱ्या-पिंपळीचाच असणार. सावजीच्या ताटावर बसून 'आपल्या बापजाद्यांपासूनचे तिखट' म्हणणाऱ्याने बापजादे किती मागचे, हे आधी ठरवावे.

याचा अर्थ मिरची परकी, असा मी काढत नाही. उलट काढतो. इंग्रजीने परका शब्द जपला, म्हणून तिथे हे फळ नावातच परदेशी राहिले. मराठीने झाड घेतले, शब्द घेतला नाही, नाव घरातले दिले. सगळीकडे आपण असे वागलो नाही. टोमॅटो हाही नाहुआत्लचाच शब्द, तो आपण जवळजवळ जसाच्या तसा उचलला. इकडे वैदर्भी बोलीत मात्र त्याला भेदरं म्हणणारी माणसे अजून आहेत. पुण्याकडे बटाटा हे पोर्तुगीज नाव रुळले, आमच्याकडे आलू. शब्द घ्यायचा की नवा घडवायचा याचे निर्णय बोलणारी माणसे करत आली, कोणत्याही समितीला न विचारता आणि कसलीही लाज न बाळगता. लाज पुढे आली, शाळेच्या वाटेने आली, आणि ती परक्या शब्दाची नव्हती, परक्या शब्दाच्या अक्षरांची होती.

एका बाबतीत मात्र मी इंग्रजीची बाजू घेतो. आपल्याकडे तिखट वेगळे, गरम वेगळे. इंग्रजी दोन्हींना एकच 'हॉट' म्हणते. ही त्या भाषेची गरिबी असे आपण समजतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये मिरचीतल्या कॅप्सेसिनला प्रतिसाद देणारा ग्राही शोधला, तेव्हा कळले की चटका देणारी उष्णता ओळखणारा ग्राही तोच. २०२१ चे नोबेल त्यांना आर्डेम पटापौटियन यांच्यासोबत मिळाले. मज्जातंतूंच्या लेखी ठेचा आणि विस्तव खरोखरच एका दाराने आत येतात. अर्थात आपणही ठेचा खाऊन 'तोंड पोळलं' असेच म्हणतो, तेव्हा ही समज मराठीत नव्हती असेही नाही.

स्पेलिंग एकसारखे लागते ते कागदांना. शेजारच्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्या नोंदीत दोन एल आणि आय आहेत. तिथे प्रत्येकाने आपापले अक्षर लावून चालणार नाही. हे मान्य करायला हरकत नाही, फक्त ती कागदाची सोय आहे, विद्वत्तेची परीक्षा नव्हे. शिवाय कागदही फार शहाणा नसतो. जगभरच्या जकातखात्यांत चालणाऱ्या वस्तूसूचीत ०९०४ या एकाच शीर्षकाखाली मिरे आणि सुकी मिरची शेजारी शेजारी बसलेली आहेत. वनस्पतिशास्त्राने दोन्ही कुळे वेगळी करून शतके लोटली, पण कोलंबसाची गल्लत जकातीच्या कागदात अजून शाबूत आहे.

आणि मांढळच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडण्याच्या जागी, भावाला फरक पाडणारा इंग्रजी शब्द वेगळाच आहे. तिथे लाल ढिगांभोवती बसलेल्या बाया दिवसभर मिरचीचे देठ खुडतात, हाताची आग होत असते, नाकाला पदर बांधलेला असतो, मजुरी किलोवर ठरते. तो माल व्यापाऱ्याच्या बिलात 'स्टेमलेस' म्हणून चढतो. त्या एका विशेषणापायी क्विंटलमागे भाव वाढतो. त्याचे स्पेलिंग कोणी कसे लिहिले यावर हसताना मात्र मी अजून कोणाला पाहिलेले नाही.